कच्ची खळ

बाबांनी माझ्या संशोधनाची खळ केली होती. पातेल्यात, मंद आचेवर, एकही गुठळी न होऊ देता.

"बाबा, हे काय केलंत?"

"शिजवलं. जन्म गेला लाँड्रीत, कच्ची खळ कापडालासुद्धा धरत नाही. पोटाला काय धरणार?"

"पोटाला कडक इस्त्री करायची नाहीये."

बाबांच्या मोठ्या आतड्याला जुनी सूज होती. आमच्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चला एक आम्ल जोडतात. ते लहान आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातले जंतू ते आम्ल सुटं करतात आणि सुजलेल्या अस्तराला खुराक मिळतो. शिजवलं की बरंचसं वरच पचून जातं. म्हणजे या स्टार्चच्या पुड्यांची रुग्णांवर चाचणी सुरू झाल्यापासून बाबा अत्यंत शास्त्रशुद्ध खळ पीत होते.

"शिवाय वास येतो," ते म्हणाले. "न धुतलेल्या मोज्यांचा. एवढी शिकलीस ती हे करायला?"

"लाँड्रीवाल्याची मुलगी. अत्तर कुठून करणार?"

बाबा खूश झाले. आमच्या घरात माया टोमण्यात गुंडाळूनच द्यायची रीत होती. उघडी दिली तर वाटेतच नासते, असा समज.

"उद्या कच्चं घ्यायचं, थंड पाण्यात," मी बजावलं.

"बघू. आता जा, बाईसाहेब, तुमचे जंतू खोळंबले असतील."

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांचं हृदय थांबलं. आतड्यावर आमचा खडा पहारा होता. हृदयाला कुणी विचारलंच नव्हतं.

कामावर परतले तेव्हा साहेब हळहळले. "फार वाईट झालं. वापरलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं तेवढी जमा करा. आणि त्यांची नोंद आता बाद धरावी लागेल."

"धरा, सर. बाबा पुड्या शिजवून घेत होते. जिवंतपणीच बाद झाले होते."

पाकिटं आणायला लाँड्रीत गेले. आत्या गिऱ्हाइकांचे कपडे वेगळे करत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "या पुड्या एकदमच देऊन टाकल्या असत्यास तर? रोज वाट वाकडी करून एकेक आणायचीस."

"तसा नियम होता."

"कुणाचा गं?"

कुणाचाच नव्हता. चाचणीतले बाकीचे लोक महिन्याच्या पुड्या पिशवीत घालून घरी नेत. अस्तराचं काय व्हायचं ते होवो, मला सकाळी अर्धा तास बाबांच्या इस्त्रीच्या टेबलापाशी शिव्या खायच्या होत्या.

आत्या उत्तराची वाट पाहत होती. मी मात्र इस्त्रीच्या टेबलामागच्या रिकाम्या जागेकडे पाहून मोठ्यानं म्हणाले,

"बाबा, पुडीचं निमित्त होतं. मला तुम्हाला भेटायचं असायचं."