न्हाव्याचे हात आणि माझा झोत

मित्रांनो, मी त्वचेच्या दवाखान्यातला एक जुना लेझर आहे. पोटातला वायू संपत आलाय, पंख्याची घरघर वाढली आहे, तेव्हा बेताबेतानेच सांगतो.

माझं काम एकच. न दिसणाऱ्या किरणांचा बटणाएवढा झोत आजारी कातडीवर सोडायचा. सोरायसिस नावाच्या आजारात कातडी लाल होते, सुजते, तिचे पांढरे पापुद्रे निघतात. तो स्पर्शाने पसरत नाही. पण लोकांना हे पटवता पटवता आमच्या सिस्टरच्या तोंडाला फेस यायचा.

तेरा वर्षं मी याच खोलीत उभा आहे. पुष्कळ माणसं आली, त्यातला एक न्हावी अजून आठवतो. त्याच्या दोन्ही हातांच्या पाठीवर चट्टे होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, आरशात ते हात बघायचं आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठून जायचं.

"हातमोजे घालून बघितले," तो सिस्टरला म्हणाला, "तर लोक आणखीच घाबरले."

आठवड्यातून दोनदा तो यायचा. सिस्टर माझं भिंग पुसायची, झोताची ताकद मोजायची, मगच त्याला हात पुढे करायला सांगायची. दीड महिन्यात चट्टे फिके पडले.

मग सिस्टर लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली. तिच्या जागी आलेला माणूस सदा घाईत. माझ्यात नुकताच नवा वायू भरला होता, माझा जोर वाढला होता, पण त्याने तो मोजलाच नाही. मित्रांनो, मला थांब म्हणता येत नाही. कळ दाबली की झोत सुटतो. न्हाव्याच्या हातांवर फोड आले आणि त्याने दवाखान्याची पायरी चढणं सोडलं.

दोन आठवड्यांनी आमचे डॉक्टर स्वतः त्याच्या दुकानात गेले. बाकावर दोघे जण पेपर चाळत होते. डॉक्टरांनी आधी त्याचे हात आपल्या हातात घेऊन बघितले. फोड वाळले होते.

"चूक आमची झाली," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "आता माझी दाढी करा."

"या हातांनी?"

"हो. मला घाई नाही."

न्हाव्याने दाढी केली. बाकावरचे दोघेही उठून गेले नाहीत. हे सगळं सिस्टरने रजेवरून परतल्यावर, भिंग पुसता पुसता, स्वतःशीच बोलावं तसं सांगितलं.

सोमवारी तो पुन्हा आला. हात बरे झाले. पण हा आजार चिवट. दर हिवाळ्यात तो डोकं वर काढायचा आणि न्हावी माझ्यासमोर येऊन बसायचा. "आलो रे बाबा," म्हणायचा. त्याचे केस पांढरे झाले, माझा झोत मंदावला.

आता शेजारी नवं यंत्र आलंय. माझ्यावर लोक ॲप्रन टाकतात. काल दुरुस्तीवाला बघून गेला. भिंग तेवढं चांगलं आहे म्हणाला, शुक्रवारी काढून नेणार आहे.

त्याआधी एकच मागणं. मित्रांनो, उद्या तुमच्या हाती यंत्रं येतील. कळ दाबण्याआधी तपासून घ्या. झोत डोळ्यांत जाऊ नये म्हणून समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. त्याला काहीच दिसत नसतं. तो तुमच्या भरवशावर बसलेला असतो.