माश्यांनी सोडलेली जागा

सकाळी नऊ वाजता राडोयच्या मधाच्या दुकानापुढे तीन बसगाड्या उभ्या होत्या आणि चौथी खालच्या वळणावर अडकून हॉर्न वाजवत होती. आमच्या डोंगरातल्या गावात एवढी माणसं लग्नालाही जमत नाहीत. बायका रांगेने पुढे सरकत होत्या, छातीवर क्रूसाची खूण करत होत्या आणि काचेच्या कपाटाला ओठ टेकवत होत्या. कपाटात मधपेटीतली एक चौकट होती आणि चौकटीत मधमाश्यांचे राखणदार संत हरालाम्पी यांचं चित्र. चित्राच्या चारही बाजूंनी माश्यांनी पोळं बांधलं होतं. संतांच्या अंगावर मात्र मेणाचा कणही नव्हता. दाढी, बोटं, झग्याची किनार, सगळं स्वच्छ.

"मी काही म्हणत नाही हं, मावशी," गल्ल्यामागून राडोय बोलत होता. "मी साधा मध विकणारा माणूस. पण मुक्या जिवांना हे कुणी शिकवलं, तुम्हीच सांगा."

"कोण शिकवणार बाबा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना चालेल का हा?"

"गुडघे, साखर, छाती, सगळ्याला. उपाशीपोटी तीन चमचे. बाकी गोळ्याबिळ्यांचं तुमच्या श्रद्धेवर सोडतो."

ही गर्दी माझ्यामुळे जमली होती. मी कामेन, गावातला फोटोवाला. नवा रस्ता डोंगराखालून गेला तसे प्रवासी आटले आणि राडोयचं दुकान बसलं. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून मी फुकटात त्याच्या दुकानाचा व्हिडिओ काढून दिला. उन्हात चमकणाऱ्या बरण्या, मागे बासरी. चाळीस जणांनी पाहिला, त्यांतले निम्मे आमचेच नातेवाईक. मग जूनमध्ये लिंडेनची झाडं फुलल्यावर त्याने पुन्हा बोलावलं. "पेटी उघडणार आहे. कॅमेरा घेऊन ये, आणि काय दिसेल त्याला हसू नकोस."

हसलो नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत संत हरालाम्पींच्या सणाला घराघरांतून मधाच्या बरण्या चर्चमध्ये जातात. तो मंतरलेला मध वर्षभर फडताळात जपून ठेवतात आणि कुणी आजारी पडलं की चमचाभर देतात. माझ्या आईनेही मला दिलाय. राडोयने ते चित्र त्याच सणाला मंतरून आणलं होतं म्हणे. त्याने चौकट वर उचलली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण व्हिडिओ फक्कड होणार हे मला दिसत होतं. कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणून मी तो नेटवर टाकला. आठवडाभरात लाखो लोकांनी पाहिला.

बिघडलं माझ्या बहिणीचं. इलिंकाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला बारा वर्षं मधुमेह आहे, दिवसाला चार इंजेक्शनं. जुलैत एका दुपारी तिच्याकडे गेलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, घागरभर पाणी पिऊनही ओठ कोरडे, आणि मला आमच्या मेलेल्या काकांच्या नावाने हाक मारत होती. फ्रिजमध्ये तीन आठवड्यांची इंजेक्शनं जशीच्या तशी. टेबलावर राडोयची बरणी, अर्धी संपलेली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "इन्सुलिन थोडं तरी अंगात बनत असेल, म्हणून इतके दिवस निघाले. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकले नसते."

तिथून मी सरळ नेदाबाईंकडे गेलो. बाई आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. आता निवृत्त आहेत आणि परसात दोन मधपेट्या सांभाळतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "व्हिडिओ पूर्ण आहे का रे? काही कापलंस?"

"चार सेकंदं कापली, बाई. चौकट बाहेर येताना ऊन चमकलं आणि सगळं पांढरं झालं. चित्र बिघडत होतं."

"चित्रावर ऊन चमकलं? कागदावर?"

घरी नेऊन त्यांना ती चार सेकंदं दाखवली, अगदी सावकाश. लखलखीत उजेड, मग राडोयचा अंगठा, आणि संतांच्या अंगावरून काहीतरी पारदर्शक सरकून त्याच्या बाहीत गेलं. मी ते स्वतःच्या हाताने कापून टाकलं होतं. देखणं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या बसगाड्या उभ्या होत्या त्याच सकाळी, बाई पिशवी घेऊन दुकानात शिरल्या. मी मागोमाग. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"राडोय, मीही एक चमत्कार आणलाय," बाईंनी पिशवीतून चौकट काढली. मधोमध कॅलेंडरवरचं मांजर, आणि भोवताली सुबक पोळं. मिशांनासुद्धा मेण लागलेलं नव्हतं.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारा रागावला, "बाई, ही काय थट्टा?"

"थट्टा नाही आजोबा. राडोयचा व्हिडिओ पाहिला त्या दिवशीच पेटीत ठेवलं होतं. मधमाशी येण्याजाण्यासाठी करंगळीएवढी फट मोकळी ठेवते. त्या फटीत ती कधीच पोळं बांधत नाही. मी मांजराच्या आकाराचं पारदर्शक प्लास्टिक कापलं आणि चार टाचण्यांवर चित्रापासून तेवढ्याच अंतरावर बसवलं, शेजारची चौकटही प्लास्टिकपासून तेवढ्याच अंतरावर ठेवली. माश्यांनी त्या फटींतून वाट ठेवली आणि बाकी सगळीकडे बांधलं. मग प्लास्टिक काढून घेतलं. राडोयच्या चित्राला कडेने बघा, टाचण्यांची चार भोकं सापडतील."

मी फोनवर ती चार सेकंदं लावली आणि फोन रांगेतून फिरवला. गुडघेवाल्या मावशींनी दोनदा पाहिलं आणि हातातली बरणी गल्ल्यावर ठेवली.

"मध तरी खरा आहे ना?" राडोय पुटपुटला. "कुणाला विष तर नाही ना दिलं."

"मध चांगलाच आहे तुझा," बाई म्हणाल्या. "मग मध म्हणूनच विकायचास. इलिंकाने इंजेक्शन सोडलं, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. तो खाली बसला. मला त्याची दया आली नाही, आणि स्वतःचीही नाही.

संध्याकाळी ताई शुद्धीवर होती. एका डोळ्याने धूसर दिसत होतं, ते सुधारेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. मी तिला टाचण्यांपासून मांजरापर्यंत सगळं सांगितलं.

"राडोयवर मी कशाला विश्वास ठेवू? तो लहानपणापासून लबाड," ती म्हणाली. "व्हिडिओखाली तुझं नाव होतं. म्हटलं, कामेनने काढलंय म्हणजे खरं असणार."

ती चार सेकंदं मी त्याच रात्री नेटवर टाकली. पहिल्या व्हिडिओइतकी ती कुणी पाहत नाही, म्हणून आता लिहितो आहे. कुणी चमत्कार दाखवला तर आधी काय झालं, नंतर काय झालं आणि मधलं काय वगळलं, ते विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. आणि दाखवणारा परका असेल तेव्हाच विचारायचं, असं ठरवू नका. सख्खा भाऊ असला तरी विचारा. ताईने मला एकदा विचारलं असतं, तर मी तिला ती चार सेकंदं दाखवली असती.