गेरूचे गोल

१९६९ साली आमच्या नागपूरच्या संत्रा बागाईतदार संघात नवे मॅनेजर आले, बाबाराव. संघाचं ऑफिस संत्रा मार्केटमागच्या गल्लीत होतं. मी तिथे टायपिस्ट. खिडकीशी माझं टेबल आणि शेजारी श्रीधरचं. माल पाठवायला रेल्वेच्या वॅगनी मिळवणं त्याच्याकडे असे. दुपारी तो संत्रं सोलायचा आणि अर्धं माझ्या मशीनच्या झाकणावर ठेवायचा.

नवा मॅनेजर आला की आधी टेबलं हलवायचा. मग कुणाला ऊन लागायचं, कुणाला फोन ऐकू यायचा नाही, आणि टेबलं गुपचूप जुन्या जागी यायची. म्हणून आमचे चपराशी शालिकराम टेबल उचलण्याआधी पायांभोवती फरशीवर गेरूचे गोल काढून ठेवत.

"हे काय?" बाबारावांनी विचारलं.

"मुंग्या लय येतात साहेब. गेरूनं येत नाहीत."

श्रीधरला हसू लपवायला खाली वाकावं लागलं. मला गोदामाच्या दाराशी बसवलं, तेव्हा शालिकराम हळूच म्हणाले, "काहून तोंड पाडता बाई? आंबिया निघाला का तुमचं टेबल इथंच येते."

आणि दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचा माल गोदामात यायला लागला, तसं ते खरंच आलं.

मग बाबारावांनी नरखेडला शाखा काढली आणि श्रीधरला तिकडे पाठवलं. शालिकरामांनी त्याच्या टेबलाभोवतीही गोल काढले. घरी माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं, हे श्रीधरला माहीत होतं.

"उन्हाळ्याच्या तोंडाशी मृगाचा माल निघाला की शाखा बंद होते बघा," तो म्हणाला. "परत आलो की तुमच्या वडिलांना भेटतो."

"आत्ताच का नाही?"

"राहायला धड खोली नाही तिथे. आणि यायचंच तर आहे, गोपिकाबाई."

मी वडिलांना थांबवलं. मृग बहार आला, गेला. शाखा बंद होईना. शेतकऱ्यांना नागपूरपर्यंत यावं लागेना, मालही ट्रकनेच जायला लागला. श्रीधर हिशेब द्यायला आला, संत्रं सोललं आणि म्हणाला, "एवढा आंबिया होऊ द्या." आंबियानंतर म्हणाला, "एवढा मृग."

"पोरगा भला आहे," वडील म्हणाले, "पण बहार मोजत बसला आहे."

दिवाळीच्या सफाईत फरशी धुतली जाई. शालिकराम मग न सांगता श्रीधरच्या टेबलाचे गोल पुन्हा गिरवत. ओला गेरू मी किती वेळ पाहत बसे!

दुसरं वर्ष सरलं आणि वर्ध्याच्या मास्तरांशी माझं लग्न ठरलं. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी पिशवी उचलून वळले, तर शालिकराम माझ्या टेबलापाशी वाकले होते. हातात गेरूची वाटी.

त्यानंतर वर्षभरात बाबाराव दुसऱ्या संघात गेले; तिथेही म्हणे आधी टेबलंच हलवली. नागपूरचं ऑफिस हळूहळू रिकामं होत १९८१ साली बंद झालं. नरखेडच आता मुख्य. मास्तरांनी मला सुखात ठेवलं. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. श्रीधरने उशिरा, तिकडच्याच मुलीशी लग्न केलं आणि पुढे संघाचा मॅनेजर झाला. शालिकराम निवृत्तीनंतर एकदा वर्ध्याला घरी आले होते, तेव्हा त्यांच्याकडूनच हे कळलं.

"श्रीधरबाबू मॅनेजर झाले, त्या पहिल्या दिवशी मी गेरू घेऊनच गेलो होतो बाई," ते म्हणाले. "पण त्यानं एकाही टेबलाले हात लावू देला नाही."