बाबांच्या बाजूचा कुसकुस

माझ्या गव्हाचा रवा पोटात गेला की रक्तातली साखर हळूहळू चढते, एकदम उसळत नाही. या वाणापायी माझी तरुणपणाची वर्षं बेजा भागातल्या शेतांत गेली आणि मला त्याचा भारी अभिमान आहे. प्रयोगशाळेनं त्याला कधीच पास केलं होतं. घरी मात्र बाबांच्या बहिणीनं, अम्ती मबरूकानं, तो तोंडातही न घालता नापास केला.

मधुमेह झाल्यापासून बाबा शुक्रवारी सगळ्यांबरोबर कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांच्या, एकाच मोठ्या परातीवर बसत नसत. कोपऱ्यात वेगळ्या ताटलीत उकडलेली भाजी चिवडत. घरचा कर्ता माणूस असा बाजूला पडलेला मला बघवत नसे.

"माझ्या रव्याचा कुसकुस कर ना, अम्ती. त्यांना परातीवर बसू दे."

"आज गिरणीवाले हाज सादोक जेवायला आहेत. त्यांना तुझं औषध वाढून माझं नाक कापून घेऊ?"

शेवटी तिनंच तोड काढली. परात एकच, पण बाबांच्या बाजूला माझा कुसकुस आणि बाकी नेहमीचा. आमच्यात जो तो आपल्या पुढ्यातलंच खातो. वर रस्सा ओतल्यावर कुणाला काय कळणार?

बाबा किती वर्षांनी परातीवर बसले! आणि बसताक्षणी त्यांच्यातला यजमान जागा झाला. मांसाचा मोठा तुकडा पाहुण्यासमोर यावा म्हणून त्यांनी परातच फिरवली.

"बाबा, खाऊ नका!" मी ओरडले. त्यांचा चमचा हवेतच राहिला. पण हाज सादोक यांचा तोंडात गेला होता. अम्तीनं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं आणि परात फिरवायला हात घातला.

"हात काढ, मबरूका," हाज म्हणाले. "ही बाजू मी सोडणार नाही. दाणा कसा मोकळा झालाय!" मग ते बाबांकडे वळले, "खमीस, सरक इकडे, माझ्या शेजारी."

"रस्सा माझा आहे म्हणून लागतोय," अम्ती पुटपुटली. पण तिचाही चमचा त्याच बाजूला वळला.

जेवणानंतर दोन तासांनी मी बाबांचं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा त्यांनी चष्मा लावून वाचला, मग काढून परत वाचला. यंत्र घेऊन ते तडक हाजकडे गेले.

"बघ," ते म्हणाले, "माझ्या लेकीनं पिकवलंय."