दोघांनीच बसायचे बाकडे

त्या शनिवारी दुपारी मला खुंटीवरून खाली काढले. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि बऱ्याच महिन्यांनी दोघांनी मिळून मला बाहेर न्यायचे ठरले होते. घरातल्या माणसाने मला उघडून फरशीवर उभे केले आणि माझ्या सांध्यांत तेल सोडायला घेतले. त्याने मला नीट निरखून पाहण्याआधीच फोन वाजला.

त्या वेळेला त्या घरी फोन करणारे एकच माणूस होते. त्याची बायको एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती आणि जेवणाच्या सुट्टीत ती घरी फोन करायची. त्याने तेलाची बुधली हातात तशीच धरून फोन उचलला आणि नेहमीसारखे म्हटले, "बोला, ऑपरेटरबाई."

पलीकडे दुसराच आवाज होता. तो ऐकत राहिला. "कधी?" असे एकदा विचारले. "येतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो माझ्या एका टोकावर बसला आणि आम्ही दोघेही कलंडलो.

मला वाटले, आता तो हसेल. त्या घरात माझ्यावरून पडणारे माणूस नेहमी हसत असे. तो हसला नाही. बुधलीतले तेल फरशीवर पसरत त्याच्या विजारीला लागले, तरी तो बसूनच होता. मग उठला, चपला घातल्या आणि दार उघडे टाकून गेला. ज्या इस्पितळात प्रत्येक मजल्यावर डॉक्टर होते, तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या तिचे हृदय थांबले होते. हे मला नंतर शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळले.

मित्रांनो, मी एक जुने घडीचे बाकडे आहे. दोन लांब पाइप, त्यांच्यामध्ये ताणलेला जाड कॅनव्हास आणि खाली कात्रीसारखे उघडणारे चार पाय, एवढाच माझा देह. खांद्याला अडकवायला एक पट्टा आहे. माझ्यावर दोन माणसे आरामात बसतात. एक माणूस मात्र बसू शकत नाही. टोकाला बसले तर कलंडते, मध्ये बसावे तर मधली आडवी पट्टी टोचते. ही खोड माझ्यात जन्मापासून आहे.

मला बनवणारा हा माणूस बसच्या सीटा शिवायचा. रेक्झिन कापायचे, फोम भरायचा, कडेला दोरीची शिवण घालायची, हे काम त्याने सव्वीस वर्षे केले. मशीन चालवताना तोंडही चालवायचे, ही त्याची पद्धत. पूर्वी ही दोघे शहराच्या मध्यावर, लोखंडी सामानाच्या दुकानांवरच्या खोलीत राहत. खाली दिवसभर पत्रे आदळत. बायकोच्या कानावर आठ तास हेडफोन असायचा आणि त्यात घाबरलेल्या, चिडलेल्या, रडणाऱ्या माणसांचे आवाज. ती घरी आली की नवऱ्याची मशीन सुरू, म्हणजे तोंडाची.

मग त्याचा कारखाना शहराबाहेर हलला. त्याला तिकडेच दोन खोल्यांचे घर भाड्याने मिळाले. तिला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या, तरी ती आनंदाने निघाली. "निदान कान तरी धुऊन निघतील," असे ती म्हणाली होती. पहिल्याच सकाळी सहाला मागच्या मोकळ्या जागेत काँक्रीट कालवण्याची मशीन सुरू झाली. तिने खिडकी उघडून पाहिले आणि म्हणाली, "घ्या. आपण निघालो तर ते पण निघाले सामान बांधून."

तेव्हा त्यांनी ठरवले की दर रविवारी सकाळी चालत जायचे, एखादी शांत जागा शोधायची आणि तिथे अर्धा तास काही न बोलता बसायचे.

"काहीच बोलायचं नाही?" त्याने विचारले.

"काहीच नाही."

"मग मी काय, दगडासारखं बसू?"

"दगडासारखं बसलात तर फार बरं होईल."

बसण्यासाठी काहीतरी हवे, म्हणून त्याने मला बनवले. पाइप जुन्या बसमधल्या दांड्यांचे होते आणि कॅनव्हास कारखान्यात उरलेला. शिवण इतकी पक्की घातली की ती आजही उसवलेली नाही. चूक झाली ती पायांत. बसची सीट तळाला बोल्टने घट्ट बसवलेली असते. ती कलंडेल असा विचार तिथे कोणालाच करावा लागत नाही. त्यालाही इतक्या वर्षांत करावा लागला नव्हता. त्यामुळे त्याने माझे चारही पाय मध्याजवळ, एकेका वितीवर लावले आणि वर हाताने थोपटून म्हणाला, "हत्ती बसला तरी मोडणार नाही."

पहिल्या रविवारी त्यांना एका बंद पडलेल्या दगडखाणीमागे जागा सापडली. खाणीत पाणी साठले होते आणि काठाला झुडपे होती. दोघे बसले. दहा मिनिटांनी पाण्यावर एक पक्षी उतरला. तो बघायला हा झटकन उठला आणि तिकडे बायको चहाच्या थर्मासवर जाऊन पडली. हा घाबरला. ती मात्र जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बरं आहे तुमचं बाकडं. नवरा उठला की बायको खाली."

"पाय चुकले. पुढच्या रविवारी बाहेर घेतो."

"घ्या सावकाश. तोवर उठायच्या आधी सांगत जा. तेवढा एक शब्द चालेल."

तेव्हापासून त्यांच्या अर्ध्या तासात तेवढेच बोलणे होई. तो उठताना "उठतो हं" म्हणे, ती "उठते हं" म्हणे, आणि दुसरे माणूस पाय रोवून बसे. पाय बाहेर घेण्याचे काम पुढच्या रविवारवर गेले, मग त्याच्या पुढच्या. त्यालाही घाई नव्हती. मला वाटते, दिवसभर बोलणाऱ्या माणसाला तो एक शब्द पुरत असावा.

मित्रांनो, ती माझी कामाची वर्षे. मी पट्ट्याने त्याच्या खांद्यावर लटकत असे आणि थर्मास तिच्या हातात असे. मी पुष्कळ जागा पाहिल्या. खाणीमागची जागा चौदा रविवार टिकली, मग तिथे पत्र्याचे कुंपण पडले. नंतर रेल्वेच्या वापरात नसलेल्या फाट्याजवळची झाडे मिळाली. तिथे दीड वर्षाने पुलाचे खांब आले. पाण्याच्या टाकीच्या टेकडीमागे सर्वांत जास्त दिवस काढले. तिथे गवतात किडे वाजत आणि वारा आला की टाकीची शिडी किणकिणत असे. एका रविवारी आम्ही गेलो तर समोर नव्या इमारतींची जाहिरात लागली होती आणि कर्णा घेऊन एक जण लोकांना नमुन्याचे घर बघायला बोलावत होता.

त्या दिवशी ती काही न बोलता दोन मिनिटे बसली. मग म्हणाली, "उठते हं."

घरी येताना त्याचा गुडघा दुखत होता. तो वैतागून म्हणाला, "पुरे आता. खिडक्या लावून घरातच बसू. शांतता काय, सगळीकडे सारखीच."

"सारखी नसते."

"तुला कसं कळतं?"

"मी आठ तास ऐकते. मला कळतं."

पुढच्या रविवारी तो उशिरापर्यंत झोपला आणि तीही त्याला उठवायला गेली नाही. मी दारामागच्या खुंटीवर सात महिने लटकून राहिले. माझ्यावर छत्री अडकवली, मग पिशव्या अडकवल्या. कोळ्याने माझ्या पायांत जाळे केले. मला कोणी वाईट वागवले नाही. फक्त कोणी उघडले नाही.

मग एका गुरुवारी तिला रजा होती. तो कामावर गेल्यावर तिने पिशव्या काढल्या, जाळे पुसले आणि मला स्वतःच्या खांद्याला लावून बसमध्ये बसली. शेवटच्या थांब्यावर उतरून बरीच चालली. एका ओढ्याला कोणीतरी फार पूर्वी हातभर उंचीचा दगडी बांध घातला होता. त्यामागे पाणी थबकले होते आणि कडेने उंच लव्हाळी होती. तिने थांबून कान दिला. मग मला उघडून बसली आणि अर्थातच पडली.

पडल्या पडल्या ती हसली. इकडेतिकडे पाहून तिने बांधाचा सुटलेला एक चपटा दगड ओढत आणला, उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि त्याला म्हणाली, "बसा आता गप्प." तासभर ती तिथे बसली. पाणी बांधावरून खाली पडण्याचा आवाज येत होता. दुसरे काही नव्हते.

संध्याकाळी तिने त्याला एवढेच सांगितले, "रविवारी चलायचंय. गुडघ्याला तेल लावा. बाकड्याला पण."

"कुठे?"

"आधी या तर. कधीतरी न विचारता या."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी तो फोन आला. ती जागा आता फक्त मला माहीत होती, आणि मित्रांनो, मला बोलता येत नाही. आज बोलते आहे ते फक्त तुमच्याशी.

दोन महिन्यांनी तिची धाकटी बहीण घर आवरायला आली. तिने कपाट आवरले, डबे घासले आणि मग दारामागे मला पाहिले.

"भाऊजी, हे बाकडं देऊन टाकू का कुणाला? एकट्याला बसता येत नाही यावर."

"राहू दे."

"मग निदान पाय तरी नीट करा. पंधरा मिनिटांचं काम, ताईच म्हणायची." बोलता बोलता तिने मला उघडले आणि उन्हात धरले. "हा डाग कसला? तुमच्या बाजूला आहे."

तो जवळ आला. कॅनव्हासवर ताटाएवढा काळपट डाग होता. त्याने नखाने खरवडले. वाळलेले शेवाळ निघाले आणि खालून दगडाची बारीक कच. माझ्या पायांनाही काळा चिखल वाळून बसला होता आणि त्यात नखाएवढे शिंपले होते. त्यांच्या शेवटच्या जागी, टाकीच्या टेकडीवर, तर तांबडी माती होती. त्याने एक शिंपला काढून तळहातावर घेतला आणि मग तो त्या शनिवारनंतर प्रथमच हसला.

"ही मला सोडून जाऊन आली होती. माझ्या जागी दगड ठेवला होता हिने."

"तिला फारसा फरक पडला नसेल," धाकटी म्हणाली.

"नाही पडला. उलट दगड बोलला नसेल."

हसता हसता धाकटी रडू लागली. त्याने तिला पाणी दिले. मग म्हणाला, "रविवारी तेच दाखवणार होती. मला ती जागा बघायची आहे."

त्याने शोध सुरू केला. सुटीच्या दिवशी मला खांद्याला लावून तो एकेका बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाई, आसपासची माती बघे आणि परत येई. सगळे ड्रायव्हर त्याला ओळखत, कारण त्यांच्या सीटा तोच शिवायचा. तो प्रत्येकाला विचारी, "दोन-तीन महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, एक बाई हे बाकडं घेऊन आल्या होत्या का?" चार जण नाही म्हणाले. पाचव्याने माझ्याकडे पाहिले.

"हो, त्या मावशी ना? त्यांना कसं विसरेन? सीटवर हात फिरवून म्हणाल्या, ही शिवण माझ्या नवऱ्याची आहे. गाडीभर लोकांना सांगितलं. उतरल्यावर ओढ्याकडे गेल्या." मग त्याने विचारले, "बऱ्या आहेत ना?"

"नाही," तो म्हणाला. ड्रायव्हरने गाडी थोडी पुढे नेऊन त्याला ओढ्याच्या वाटेवर उतरवले.

त्याला बांध सापडला. दगड तिने उतरवून ठेवला होता तिथेच होता. त्याने मला उघडले आणि दगड उचलून ठेवायला घेतला. जरा थांबला. डाग त्याच्या बाजूला होता, पण त्याने दगड तिच्या बाजूला ठेवला आणि स्वतः आपल्या जागी बसला. अर्धा तास तो काही बोलला नाही. हे काम त्याला किती अवघड जाते, ते मला माहीत आहे. पाणी बांधावरून पडत होते. ती म्हणाली होती तेच खरे होते. टेकडीमागची शांतता वेगळी होती आणि ही वेगळी.

मग त्याने दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "उठतो हं."

आता आम्ही दर रविवारी जातो. ओढ्याच्या पलीकडे शंभर पावलांवर लाल टोकांच्या, मोजणीच्या खुंट्या ठोकल्या आहेत. ड्रायव्हर सांगतो की पुढच्या वर्षी बसचा शेवटचा थांबा आणखी पुढे जाणार आहे. किती रविवार मिळतील, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी दारामागे लटकवून ठेवलेले माझ्यासारखे काही असेल, तर ते अधूनमधून उघडून बघा. त्यावर कोणाचा तरी डाग असतो. कोणाला घेऊन कुठे जायचे असेल तर जागा आधीच सांगून टाका. आणि कोणाशेजारी बसला असाल तर उठण्याआधी सांगत जा. एका शब्दाचे काम आहे.

माझ्या सांध्यांना तेल मिळते. पट्टा नवा लावला आहे. गेल्या महिन्यात धाकटीने पाना आणि नवे बोल्टही आणून दिले. ते खुंटीखालच्या डब्यात आहेत. माझे पाय बाहेर घ्यायचे अजून राहिले आहेत.