पडद्यामागची अक्षरं

लोकशाहीवर कॉलेजच्या पटांगणात तीन दिवस सिनेमा आणि व्याख्यानं, सर्वांना फुकट, अशी दवंडी नाशिकभर फिरली होती. 'सर्वांना' हा शब्द भिमाबाईनं खरा धरला, तिथंच तिचं चुकलं. फाटकावरच्या स्वयंसेवकानं तिला आणि महारवाड्यातल्या आठ बायकांना एकदा न्याहाळलं आणि दुरूनच हात केला.

"तुम्ही पडद्याच्या मागं बसा."

मागूनही चित्र दिसायचं, नाही असं नाही. दोन बांबूंना ताणलेलं कापड पाणी मारून ओलं केलं होतं, त्यातून ते आरपार उमटायचं. फक्त उलटं, डावं ते उजवं. विलायतेतले टोपीवाले साहेब सभेत हात वर करत होते तोवर बायकांचं काही अडलं नाही. भिमाबाईनंही राग गिळला. पंचवटीतल्या देवळाच्या बंद दारापुढं वर्षानुवर्षं सत्याग्रहाला बसून तिला त्याची सवय झाली होती, आणि त्या सवयीचीच तिला सर्वांत जास्त चीड होती.

सिनेमाचं तिला कौतुक नव्हतं. येत्या, सदतीस सालच्या निवडणुकीत तिला मत होतं; वाचता येणाऱ्या बाईला ते मिळणार होतं. दिवसभर विड्या वळून, तीन वर्षं पाटीवर अक्षरं गिरवून, कचेरीत कारकुनापुढं धडा वाचून दाखवून तिनं यादीत नाव घालून घेतलं होतं. बरोबरच्या बायकांना पलटणीतल्या नवऱ्यांमुळं मत मिळालं होतं, पण वाचता एकीलाही येत नव्हतं. मत कसं द्यायचं आणि कशानं बाद होतं, ते आज काचेवरच्या चित्रांतून दाखवणार होते. भिमाबाई वाचून सांगेल, या भरवशावर सगळ्या आल्या होत्या.

सिनेमा संपला. मशीनवाल्या हनीफनं दिव्यापुढं काच सरकवली आणि पडदाभर मजकूर उमटला.

"भिमे, वाच की," शेजारी बसलेली कुसाबाई म्हणाली.

भिमाबाईनं पहिल्या ओळीवर नजर रोखली. एकही अक्षर ओळखीचं वाटेना. पलीकडून प्रोफेसर आठल्ये सांगत होते, "खूण इथे केली तर मत ग्राह्य, इथे केली तर बाद." इथे म्हणजे कुठं?

"येतंय ना तुला? का नुसतंच सांगत व्हतीस?" कुसाबाईनं विचारलं.

भिमाबाईची कानशिलं तापली. तीन वर्षांची मेहनत या लोकांनी एका ओल्या फडक्यानं पुसून टाकली होती! ती ताडकन उठली, पडद्याला वळसा घालून थेट पुढच्या गर्दीत शिरली. लोकांनी घाईघाईनं धोतरं आवरून घेतली. ती हनीफच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"हनीफभाई, काच फिरवा."

"बराबर हाय की, मावशी."

"तुमच्याकडून बराबर. आमच्याकडून उलटी. तासभर आमी उलटं बघितलं. आता घटकाभर ह्यांना बघू द्या."

हनीफनं प्रोफेसरांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. गावोगाव मशीन फिरवताना पडद्यामागून उठून त्याच्याकडं आजवर कुणी आलं नव्हतं. त्यानं फडक्यानं तापलेली काच धरली आणि फिरवून घातली.

पुढं एकच गिल्ला झाला. "अहो, उलटं आलं!" एक वकील खुर्चीवरून उठून ओरडले, "हे वाचायचं कसं? अपमान आहे हा आमचा!"

तोवर भिमाबाई मागं पोचली होती. तिनं मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. उमेदवाराचं नाव कुठं, चौकट कुठली, खूण किती, काय केलं की मत बाद. बायकांनी एकेक ओळ तिच्यामागून म्हटली. एकदा संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हनीफ, काच सरळ कर!" प्रोफेसर गरजले.

"त्या अंगानं सरळच हाय, साहेब."

प्रोफेसर पडद्याच्या कडेशी आले. "बाई, कार्यक्रम सर्वांसाठी आहे. लोकांना काही दिसत नाही!"

"मग या की इकडं समदे!" भिमाबाई कडाडली. "जागा लय हाय. आमी सरकून बसतो."

 पडद्याच्या पलीकडं शे-दीडशे माणसं होती. सगळी शिकलेली, सगळ्यांना मत असलेली. वकील खाली बसले. चार पावलं चालून यायला एकही माणूस उठला नाही.

"दिवा मालव," प्रोफेसर म्हणाले.

हनीफनं दिवा मालवला. ती सगळी मंडळी अंधारात बसून राहिली, पण पडद्याच्या मागं आली नाही.