निळी बाळं

तिसरं प्रूफ टेबलावर ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अहो, ही बाळं अजून निळीच आहेत."

रंगकाकांनी कागद उचलला, खिडकीशी नेला, तिरका धरून पाहिला. बाळ काही निळं नव्हतं. चांगलं गुटगुटीत, गुलाबी गालांचं पोर बोळकं पसरून हसत होतं. आता याला निळं म्हणायचं, तर माणसाने बोलायचं तरी काय?

"लहान मुलांचा दवाखाना आहे माझा," बाई म्हणाल्या. "असं निळं बाळ कोणी आणलं, तर मी आधी ऑक्सिजन लावते. हे कॅलेंडर आयांच्या हातात कसं देऊ? संध्याकाळी परत येते. तोवर जमलं तर बघा, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल."

त्या गेल्या आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खा जन्म या छापखान्यात काढला होता. शाईचा डबा उघडल्याबरोबर छटा सांगणारा माणूस. कॉम्प्युटर आला तेव्हा बरोबरीचे सगळे घरी बसले, हे मात्र हट्टाने माउस धरायला शिकले. लोक रंगकाका म्हणायचे ते काही उगाच नाही. पण या आठवड्यात आधीच दोन कामं परत आली होती आणि मुलाने सकाळी तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, हेही परत आलं तर फोटोंचं काम तुमच्या सुनेकडे. तुम्ही आपले घरी आराम करा." आराम म्हणे. घरी बसून काय भिंती मोजायच्या?

खापर फोडायला जागा पुष्कळ होत्या. पहिला फोटोग्राफर. हल्लीचा एक फोटो धड येईल तर शपथ. सगळे पिवळट, बाळाच्या दुपट्यापासून पाळण्याच्या दांडीपर्यंत. तो पिवळेपणा काढता काढता काकांच्या नाकी नऊ यायचे. दुसरा कागदवाला. पांढराशुभ्र म्हणून गळ्यात मारतो, आणि गठ्ठा सोडावा तर आत फिक्क्या चहाचा रंग. ट्यूबलाइट तर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बदलली होती. नवीही पिवळटच निघाली.

मग त्यांनी मशीनमनला धरलं. "निळी शाई हात सैल सोडून ओततोस का रे?"

"फाइलमध्ये आहे तेवढीच जाते, काका. फाइलमध्ये पिवळाच नाही, तो मी कुठून आणू?"

"मला शिकवू नकोस," काका म्हणाले आणि पुन्हा पडद्यासमोर बसले.

सायनची, म्हणजे निळ्या शाईची, रेघ पडद्यावर खाली ओढली, तर बाळ उन्हात भाजल्यासारखं लाल झालं. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, उतरवला, तर हिरवट पडलं. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. पिवळ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. आधीच पिवळ्या फोटोत आणखी पिवळा कोण ओततं?

दुपारी सूनबाई आली. भावाचं घर हलवायचं म्हणून आठवडाभर माहेरी गेली होती. मशीनमनने गुपचूप फोन केला असणार, कारण खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती थेट टेबलाशी आली.

"सरका जरा, बाबा."

तिने बाळाच्या गालावर कर्सर ठेवला आणि कोपऱ्यातले शाईंचे टक्के वाचले. काकांना हिची हीच सवय खटकायची. रंग डोळ्यांनी बघायचा सोडून तापाची नळी लावल्यासारखे आकडे काय वाचायचे? टक्के बघून तिने पिवळ्याची रेघ वर उचलली, आणि काकांच्या डोळ्यांदेखत त्या गोजिरवाण्या पोराला कावीळ झाली.

"अगं, काय करतेस? पिवळंधमक केलंस त्याला."

"नेहमी एवढाच वाढवावा लागतो," ती बोलून गेली.

काकांना तेव्हा त्या 'नेहमी'कडे लक्ष द्यायला सवड नव्हती. "कर तुझ्या मनासारखं," ते म्हणाले. "बाईंनी तोंडावर फेकलं म्हणजे कळेल." आणि खरं सांगायचं तर बाईंनी ते फेकावं, असंच त्यांना मनातून वाटत होतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई दवाखान्यातून तशाच डॉक्टरी कोटावर आल्या. प्रूफ हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "याला म्हणतात बाळ. शेवटी नजर तुमचीच, काका."

"हो ना, बाबांनीच केलं," सूनबाई घाईघाईने म्हणाली. मशीनमननेही मान डोलावली.

काकांनी कागद पाहिला. कावीळ होती तशीच होती. बाईंची थट्टा चालली आहे का, म्हणून त्यांनी वर पाहिलं. बाईंचा कोटही पिवळट दिसला, बाहीपासून कॉलरपर्यंत, त्या कागदासारखाच. तान्ह्या बाळांना हाताळणारी बाई असला कळकट कोट घालून कशाला फिरेल? त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. सगळीकडे तोच पिवळेपणा होता.

बाई गेल्या. मशीनमन आत गेला. काका खुर्चीवर टेकले.

"नेहमी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

सूनबाईने पिशवी खाली ठेवली. "तुम्ही जेवायला उठलात की मी पिवळा जरा वाढवून ठेवायची. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून इथे पाऊल टाकलं नसतं."

"कुठल्या कुठल्या कामात?"

ती म्हणाली, "सगळ्याच, बाबा."

काकांना राग आला, नुसता राग, आणि तो ज्याच्यावर काढावा असा दोषी समोर कोणी नव्हता. डोळ्यांवरचा मोतीबिंदूचा पिवळा पडदा काय, डॉक्टर काढतील. पण कित्येक महिने लोक छापखान्यात येऊन ज्या रंगांची त्यांच्याजवळ तारीफ करून जात होते, ते रंग त्यांनी स्वतः एकदाही पाहिले नव्हते.